फितुराचं अक्षर

“आपल्यातच एक फितूर बसलाय!”

क्लब मॅनेजर संघटनेचे अध्यक्ष तळपदे गरजले, तसे सभेतले चाळीसही मॅनेजर एकमेकांकडे चोरून पाहू लागले. क्लबांच्या कमिट्यांकडे आठवड्याला एक सुट्टी मागा, असं निनावी पत्र संघटनेकडे आलं होतं. तळपद्यांची ऊठबस त्याच कमिट्यांत. बिनसहीची तक्रार कुठलाच क्लब वाचत नाही, हा नियम पुढे करून त्यांनी पत्र दाबलं आणि लिहिणाऱ्याला पकडायला हस्ताक्षरतज्ज्ञ आणला. जो सापडेल तो संघटनेतून बाहेर आणि नोकरीतूनही!

“पत्रातलं पहिलं वाक्य प्रत्येकाने लिहा,” त्यांनी फर्मावलं. “‘सहा महिन्यांत मला एकही सुट्टी मिळालेली नाही.’”

नीरजा चौबळ ही तरुण मॅनेजर उठली. “सर, कागदांची सरमिसळ होईल. खाली नाव आणि सही घेऊ या?”

“शाबास! घ्या.”

नीरजाने कागद गोळा करून त्यांच्यापुढे ठेवले. “आता तक्रार बिनसहीची राहिली नाही, सर. चर्चेला घ्या.”

“हा चावटपणा आहे! वाक्य मी लिहायला सांगितलं!”

“बरोबर. मग ज्याच्या बाबतीत ते खोटं असेल, त्याने आपला कागद परत न्यावा.”

तळपदे एकेकाकडे रोखून पाहत राहिले. कोणीही जागचं हललं नाही.

हस्ताक्षरतज्ज्ञाने भिंग खिशात घातलं. “अक्षरं चाळीस तऱ्हांची आहेत, साहेब. दुखणं एकच दिसतंय.”