चिमूटभर धूप

"आणि अब्बा, तो उठलाच नसेल तर?"

निकोन दारातूनच बोलला. आत म्हातारा झब्दा रंगाच्या हंडीत लोकर घोळत होता. सीरियातल्या त्या गावच्या मूठभर ख्रिस्ती मंडळींचा हा वडीलधारा. सगळे त्याला अब्बा म्हणत. धंद्याने रंगारी, कोपरापर्यंत निळा.

"कोण?"

"प्रभू. कबरेतून. आपण सगळं ऐकीव बोलतो. पाहिलेला एकही माणूस आता जिवंत नाही."

"नाही," झब्दा म्हणाला.

निकोनला वाटलं होतं, म्हातारा निदान रागावेल तरी. निकोन पोरांना व्याकरण शिकवणारा मास्तर. पुरावा मागायची खोड हाडीमाशी खिळलेली. आणि उद्या सकाळी कचेरीत त्याचंच नाव पुकारणार होते. तिथे रोमी सम्राटाच्या मूर्तीपुढे निखारे असतात. चिमूटभर धूप टाकून प्रभूला नाकारलं की माणूस सुटला. नाही टाकला, तर... काल तिघांनी टाकला नव्हता. त्यांच्या बायका आज विहिरीवर आल्या नाहीत.

"मला भीती वाटते, अब्बा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झालीय. जे खरं की खोटं ठाऊक नाही, त्यासाठी मरू? काहीतरी सांगा. आजच सांगा. उद्या उपयोग नाही."

झब्दाने हात पुसले. फळीवरची डबी काढली.

"सांधे धरतात, म्हणून लेपाला ठेवलाय," असं पुटपुटत त्याने निकोनच्या तळहातावर चिमूटभर धूप ठेवला आणि शेगडी पायानेच पुढे सरकवली.

"टाक."

"इथे?"

"इथे ना सम्राट, ना शिपाई. तो उठला नसेल, तर हा नुसता झाडाचा डिंक. टाक. सराव झाला की उद्या सोपं जाईल. मी बघतसुद्धा नाही."

आणि म्हातारा खरोखरच पाठ करून बसला.

निकोनने हात निखाऱ्यांवर धरला. धग लागली, तशी मूठ वळली. उघड, तो मनाशी म्हणाला. उघड की! बोटं ऐकेनात. घामाने धूप तळव्याला चिकटला. मनगट भाजू लागलं...

शेवटी त्याने हात मागे घेतला आणि त्याला रडूच फुटलं.

"जमत नाही, अब्बा. पण विश्वासही बसत नाही... अजूनही नाही."

झब्दा वळला. त्या मिटलेल्या मुठीकडे त्याने पाहिलं.

"मी तर तिकडे तोंड करून बसलो होतो, निकोन. मग तुझी मूठ कोणी धरलीय?"