गाभ्याने काय केलं?

“...आणि तुझा हा गाभा नेमकं काय काय करतो?” देवस्थळी सरांनी विचारलं.

“सगळं!” शर्वाणी म्हणाली.

संगणक चालवणारी अख्खी प्रणाली तिने एकटीने लिहिली होती. डिस्क, स्क्रीन, कीबोर्ड, आवाज... सगळा कारभार मधल्या गाभ्याच्या हाती. दिवाळीनंतरच्या परिषदेत ती मांडायला सरांचा होकार हवा होता.

सरांची एक खोड होती. स्वतःच्या हाताने एक चूक पेरून पाहिल्याशिवाय ते होकार देत नसत.

त्यांनी आवाजाच्या भागात एक चुकीची ओळ घातली आणि संगणकावर सनईची धून लावली.

सनई तुटली. स्क्रीन गोठली. कीबोर्ड ढिम्म.

“सर, चूक तर तुम्ही घातलीत!”

“हो ना. एकाला शिंक आली आणि अख्खं घर गेलं की गं.”

“...मग काय करू?”

“गाभ्यातून एकेका भागाला बाहेर काढ.”

“म्हणजे प्रत्येक कामाला या भागाने त्या भागाला निरोप धाडायचा. वेग जाईल, सर.”

“आत्ता किती आहे?” सरांनी गोठलेल्या स्क्रीनकडे बोट केलं.

ती तडक उठून गेली. राग आला की तिच्या हातून काम फार चांगलं होई.

परिषद दोन दिवसांवर आली, तेव्हा ती पुन्हा समोर येऊन बसली.

“काय काय करतो?”

“निरोप पोहोचवतो. पाळ्या लावतो. कुणी दुसऱ्याच्या जागेत घुसू नये, एवढं बघतो.”

“एवढंच?”

“एवढंच.”

सरांनी तीच ओळ पेरली. सनई लागली. शर्वाणी मुद्दाम आपलं नाव टाइप करत राहिली.

सनई तुटली...

पण स्क्रीनवर अक्षरं उमटतच होती.

गाभ्याबाहेर तिने एक राखणदार बसवला होता. त्याने आवाजाचा मेलेला तुकडा उचलला, जपून ठेवलेला जुना, धड तुकडा त्याच्या जागी बसवला.

...आणि तुटली होती तिथूनच सनईने सूर उचलला.

“सर!” तिने टेबलावर थाप मारली. शेजारच्या लॅबमधली मुलं दारात धावत आली.

“गाभ्याने काय केलं?”

“काहीच नाही!” ती ओरडली, आणि स्वतःच्याच उत्तराला खदखदून हसत सुटली.

सर उठले. पिशवी खांद्याला लावली आणि आपली खुर्ची तिच्याकडे सरकवली.

“सर, परिषदेला तुम्ही येताय ना?”

“कशाला? तू मांड. मीही एक तुकडाच; या खुर्चीत आता कुणीही चालेल.”