ठकूआक्का आणि हौसाचा धोंडा

फार वर्षांपूर्वी, नदी नेमकी कुठल्या बाजूला वाहते यावर पळसगव्हाणात अजून एकमत झालं नव्हतं तेव्हा, तिथं ठकूआक्का नावाची सुईण होती. तिचा हात इतका हलका, की आपण जन्मलो हे पोराला दुसऱ्या दिवशी कळायचं, असं म्हणतात.

गावाची एक रीत होती. नवी नवरी आली की तिला चिंचेला टांगलेल्या, गूळ तोलायच्या मोठ्या काट्यात बसवायची आणि समोरच्या पारड्यात तिच्या वजनाचा धोंडा ठेवायचा. तो धोंडा तिच्या नावानं चिंचेखाली राहायचा. पुढं बाळंत झाली की सवा महिन्यानं तिला पुन्हा त्याच धोंड्याशी तोलायची.

हौसा नावाची सून बाळंतपणानंतर तोलायला बसली आणि तिचं पारडं धप्पकन खाली गेलं. तिची सासू पारूबाई कडाडली, "पुनवेला परत तोलीन. जुळली नाही तर ही माहेरी आणि पोर इथं!"

हौसानं लेकराला असं आवळलं, की ते रडायचं विसरलं.

ठकूआक्का कामाला लागली. आधी तिनं डिंकाचे लाडू बंद केले. हौसाचं दूध आटलं, पोर किंचाळायला लागलं, वजन मात्र जागचं हललं नाही. मग लाडू सुरू केले, तरी तेच. पोट घट्ट बांधलं, अंग रगडलं, नदीपर्यंत चालवलं. दोन दिवस हौसा उतरली, तिसऱ्या दिवशी पुन्हा चढली.

"पोरी, झोपतेस का?"

"कधी झोपू, आक्का? हा रडतो, सासूबाई बोलतात, मग मी रडते."

ठकूला वाटलं, सापडलं कारण! पण शेजारची बाळंतीण सखू? तिचीही झोप उडालेली, आणि शेरभर लाडू खाऊनही ती काटकीसारखी वाळलेली. ठकूचं डोकं गरगरलं. तिनं इतकं डोकं खाजवलं, की अंबाडा सुटून वेशीपर्यंत गेला, असं म्हणतात.

पुनव आली. सगळा गाव चिंचेखाली जमला. हौसाचं पारडं पुन्हा खालीच.

"बांध गाठोडं," पारूबाई म्हणाली आणि पोराला घ्यायला हात पुढं केले.

ठकूला काही सुचेना. न सुचलेलंच ती बोलून गेली, "पारूबाई, तुझा धोंडा कुठाय गं?"

"माझा कशाला? माझ्या बाळंतपणाला पंचवीस वर्षं झाली!"

"मग उतरलंच असेल की सगळं. बस."

लोक हसले, म्हणून पारूबाईला बसावं लागलं. गवतातून तिचा धोंडा उकरून समोर ठेवला. पारूबाईचं पारडं असं आपटलं, की चिंचेच्या साऱ्या चिंचा एकदम पडल्या. मग गावातल्या एकेका बाईला तोललं. कुणी खाली, कुणी थोडी खाली, सखू तर फांदीला जाऊन चिकटली. स्वतःच्या धोंड्याशी एकही जुळेना!

"आक्का, हे कसं गं?" पारूबाईनं हळूच विचारलं.

"मला काय ठाऊक!" ठकू वैतागली. तिनं हौसाला पुन्हा काट्यात बसवलं, नदीतला एक गोटा आणला आणि हौसाच्या धोंड्यावर ठेवला. काटा सरळ झाला. "ही घ्या, जुळली. धोंडा लग्नातला आहे. बाई आजची आहे."

मग पारूबाईनं पोरासाठी पुन्हा हात पुढं केले. "दे त्याला इकडं. तू जाऊन नीज."

काटा त्यानंतर नऊ दिवस हलला नाही. एका पारड्यात कावळा बसला तरी नाही, असं म्हणतात.

ठकूआक्का म्हातारी होऊन गेली. जातानाही पुटपुटत होती, "लाडवानं नाही, झोपेनं नाही, मग सखू वाळली कशानं?"

आजही पळसगव्हाणात सुनेच्या बाळंतपणाला सवा महिना झाला की सासू स्वतः नदीवर जाते, एक गोटा आणते आणि सुनेच्या धोंड्यावर ठेवते. आणि त्या दिवशी पोर सासूच्या मांडीवर असतं, सून दिवसभर झोपते. तिला उठवलं तर ठकूआक्का काटा घेऊन येते, असं म्हणतात. म्हणून कुणी उठवत नाही.