दुपारची लगोरी

फार वर्षांमागे एका गावात तांबटांची एक आळी होती. तांब्याचे हंडे, घागरी, घंगाळी घडवणारी वीस-बावीस घरं आणि मधोमध दगडी फरशीचा चौक. सकाळी उजाडलं की घराघरांतून हातोडे सुरू व्हायचे, ते थेट जेवणाच्या वेळेपर्यंत. मग सगळी आळी जेवून आडवी व्हायची. उन्हं कलली की पुन्हा ठोकाठोक सुरू, ती दिवेलागणीपर्यंत.

दुपारी मोठी माणसं झोपली की चौक पोरांचा. तिथं लगोरीचा एक डाव दुपारी व्हायचा आणि एक संध्याकाळी. पोरांची म्होरकी होती सगुणा. वय अकरा, नेम पक्का, आवाज खणखणीत. फोडलेली लगोरी पुन्हा रचून झाली की ती असा पुकारा करायची की दोन आळ्या पलीकडची कुत्री भुंकायला लागायची.

चौकाला लागूनच त्र्यंबककाकांचं घर होतं. काका हंडे घडवण्यात वाकबगार. पण त्या वर्षी ते विहिरीच्या पायरीवरून घसरले, कंबरेचं हाड मोडलं आणि त्यांनी अंथरूण धरलं. रात्र सगळी कळा सोसण्यात जायची. सकाळी जरा डोळा लागतो म्हणावं, तर हातोडे सुरू व्हायचे. हातोड्यांवर तर सगळ्यांची पोटं, ते थांबवा कसं म्हणणार? झोप मिळायची ती फक्त दुपारी, आळी शांत असायची तेव्हा. आणि नेमकी तीच पोरांची खेळायची वेळ.

काकांची बायको तुळसाकाकू. पहिल्या दिवशी ती दारात आली आणि हळू आवाजात म्हणाली, "बाळांनो, काकांना आत्ताच झोप लागलीय. जरा थांबता का?"

"हो काकू," पोरं म्हणाली आणि त्या दिवशी खरंच थांबली. दुसऱ्या दिवशी मात्र विसरली. काकू पुन्हा दारात आली, पोरं पुन्हा "हो" म्हणाली. असं चार-पाच वेळा झालं.

मग एका दुपारी चेंडू धाडकन काकूच्या दारावर आदळला. तीन रात्री जागून काढलेल्या काकांचा तेव्हाच कुठे डोळा लागला होता, ते दचकून उठले आणि कंबर धरून विव्हळू लागले. काकू चेंडू हातात घेऊन बाहेर आली. तिचे स्वतःचेही डोळे जागरणानं लाल झाले होते.

"किती वेळा सांगायचं गं तुम्हाला?" ती सगुणेला म्हणाली. "आजारी माणूस आहे घरात. दुपारी हा गोंधळ नको म्हणजे नको. हातोडे सुरू झाले की या, मग हवं तेवढं ओरडा."

चौकात सगळी पोरं उभी होती. समोरच्या ओसरीवरची दोन-चार माणसंही उठून बघत होती. एवढ्या जणांसमोर बोलणी खाल्ली म्हणून सगुणेचे कान तापले. काकू दोन गोष्टी बोलली होती, पण सगुणेनं मनात धरली ती एकच.

"आम्हाला नकोच तुमचा चौक," ती म्हणाली. तिनं लगोरीच्या चिपा ओच्यात भरल्या, काकूच्या हातातून चेंडू घेतला आणि सगळ्यांना घेऊन नदीवर गेली.

त्या दिवसापासून पोरं नदीकाठी खेळू लागली. वाळूत लगोरी धड उभी राहायची नाही. चेंडू दर दोन डावांनी पाण्यात जायचा. संध्याकाळी हातोड्यांचे आवाज लांबून ऐकू येऊ लागले की सगुणेच्या धाकट्या भावाला, नारूला, घर आठवायचं. तो म्हणायचा, "ताई, आता काकू रागावणार नाही. चल ना चौकात."

"त्यांनी हाकललंय आपल्याला," सगुणा म्हणायची. "आपण का जायचं?"

एकदा आईनंही विषय काढला. "तुळसाकाकू विचारत होती गं, पोरं हल्ली दिसत नाहीत म्हणून. तिनं दुपारपुरतंच सांगितलं होतं ना?"

सगुणा खाली मान घालून जेवत राहिली. मनातून तिलाही ते ठाऊक होतं. पण एकदा बोलून बसली होती, आता माघार कशी घ्यायची?

असा महिना गेला. मग एका संध्याकाळी पोरांना नदीच्या उतारावर कुणीतरी येताना दिसलं. तुळसाकाकू होती. तिचे गुडघे दुखायचे, देवळापर्यंतसुद्धा ती दोनदा बसून जायची. आज मात्र एवढा उतार उतरून आली होती.

"परत काहीतरी सांगायला आली असेल," सगुणा म्हणाली. "लपा सगळे."

पोरं मोठ्या खडकांमागे जाऊन बसली. काकू वाळूच्या कडेला येऊन थांबली.

"सगुणा," तिनं हाक मारली. "अगं, ऐक जरा. रागवायला नाही आले मी."

नारू उठायला लागला. सगुणेनं त्याचं मनगट धरून त्याला खाली बसवलं. काकूनं आणखी एकदा हाक मारली, थोडा वेळ पाण्याकडे बघत उभी राहिली, आणि मग गुडघ्यावर हात देत देत उतार चढून गेली. त्या दिवशी पुढं डाव काही रंगला नाही.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी त्र्यंबककाका गेले. आजार हटत नव्हता, अंगातली ताकद संपली होती. पोरांमुळे गेले असं कुणी म्हणालं नाही आणि ते खरंही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी आई सगुणेला घेऊन काकूकडे भेटायला गेली. घरात चार बायका बसल्या होत्या. काकू शांतपणे बोलत होती.

"दुपारी झोपायला लागले होते हो ते शेवटी. तेवढं तरी सुख मिळालं. पण संध्याकाळ सरायची नाही त्यांची. कळा सुरू व्हायच्या त्याच वेळी. आधी चौकात लगोरी चालायची ना, तर पडल्या पडल्या ऐकत बसायचे. हातोड्यांच्या ठोकाठोकीतही आवाजावरून ओळखायचे एकेकाला. 'आज सगुणेचा नेम चुकला बघ, ओरडली नाही ती,' असं मला सांगायचे. एवढी कंबर दुखायची, पण डाव संपेपर्यंत हूं की चूं करायचे नाहीत."

सगुणा आईच्या पदराआड सरकली.

"मग पोरं यायची बंद झाली," काकू म्हणाली. "रोज विचारायचे, आली का पोरं? मी सांगायची, शाळा असेल, गावाला गेली असतील. शेवटी एक दिवस म्हणाले, जा, बोलावून आण त्यांना, म्हणावं आमचं चुकलं. म्हणून गेले मी नदीवर. पण तिथं कोणी नव्हतं."

आई उठली तरी सगुणा उठली नाही. बायका एकेक करून गेल्या. मग ती काकूच्या जवळ जाऊन बसली.

"काकू," ती म्हणाली, "मी होते तिथं. खडकामागं."

"ठाऊक आहे मला. वेणी दिसत होती तुझी."

"मग तुम्ही कोणी नव्हतं असं का सांगितलंत?"

काकू म्हणाली, "त्यांना तसंच सांगितलं होतं. पोरं होती, पण मला बघून लपली, हे कसं सांगणार होते मी त्यांना? मग तेच तोंडात बसलं."

सगुणेला रडू फुटलं. काकूनं तिला जवळ घेतलं नाही, दूरही सारलं नाही. तिचं रडणं ओसरल्यावर म्हणाली, "मीही सगळ्यांसमोर तोडून बोलले गं तुला. घरात बोलावून सांगितलं असतं तर कदाचित ऐकलं असतंस."

"नाही काकू. तुम्ही हातोडे सुरू झाल्यावर या म्हणाला होतात. मी ऐकलं होतं ते."

तेरा दिवस झाल्यावर पोरं चौकात परतली. दुपारी कुणी आलं नाही. उन्हं कलली, हातोडे सुरू झाले, तेव्हा सगुणेनं चिपा मांडल्या. काकू दाराशी येऊन बसली. नारूनं लगोरी फोडली, सगुणेनं धावत जाऊन ती रचली. सगळे तिच्या पुकाऱ्याची वाट बघत राहिले. पण तिची नजर काकूच्या दाराकडे गेली आणि पुकारा राहून गेला. शेवटी तिच्या वतीनं नारूनं पुकारा केला.

सगुणा मोठी झाली, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली, तिला मुलंबाळं झाली. तिच्या अंगणातही पोरं गोंगाट करायची. शेजारचं कुणी दारात येऊन "आत्ता नको" म्हणालं की मुलं तोंड फुगवायची. तेव्हा सगुणा हातातलं काम टाकून बाहेर यायची आणि शेजाऱ्याला विचारायची, "मग केव्हा खेळू देत?" शेजारी जी वेळ सांगेल, त्या वेळेला ती मुलांना स्वतः अंगणात पाठवायची. लोक म्हणत, बाई मोठी समजूतदार आहे. ते ऐकून तिला तुळसाकाकूचं दार आठवे. तिथं अशी वेळ तिला न विचारताच सांगितली होती, आणि तरी ती गेली नव्हती.

तात्पर्य: शेजारी "आत्ता नको" म्हणाला तर तो फक्त वेळ मागत असतो. ती द्यावी, आणि रुसून आपला आनंद त्याच्या दारापासून कायमचा उचलून नेऊ नये. कुणाला त्या आनंदाची गरज असते, हे आपल्याला फार उशिरा कळतं.