ठिपकी पाल आणि बोळातला दिवा

"का, असं विचारायचं नाही!"

हा होता पालींचा नियम. या पाली राहायच्या नगरपालिकेत, मोठ्या घड्याळाच्या मागे. एक पालआजोबा, एक पालआत्या, एक पालकाका. आणि सगळ्यात छोटी, बोटाएवढी ठिपकी.

आजोबा म्हणायचे, "मोठे सांगतील ते ऐकायचं. का, असं विचारायचं नाही!"

ठिपकी म्हणायची, "चुक् चुक्! का?"

"विचारलंस ना पुन्हा!"

नगरपालिकेच्या मागे होता एक बोळ. अरुंद अरुंद बोळ. तिथे ऊनच यायचं नाही. भरदुपारी अंधार! म्हणून बोळात होता एक दिवा. दिव्यापाशी यायचे किडे. भुणभुण भुणभुण! मग ठिपकी यायची. मटक! मटक! मटक!

एकदा काय झालं? दिवा म्हणाला, फट्ट!

दिवा गेला. किडे गेले. ठिपकीचं पोट म्हणालं, गुडगुड गुडगुड!

"आजोबा, दिवा गेला!"

"मग जा की वायरमनकडे," आजोबा म्हणाले. "तो धाडेल तिकडे जा. तिथून धाडतील तिकडे जा."

"आणि तुम्ही?"

"आम्ही इथे बसतो. घड्याळामागे."

"चुक् चुक्! का?"

"ठिपकेऽऽ!"

निघाली ठिपकी. सुळुक सुळुक थबक! सुळुक सुळुक थबक!

वायरमन हुसेनकाका पायरीवर बसले होते. कानावर पेचकस, हातात पकड.

"हुसेनकाका, हुसेनकाका, वर चढा ना!"

"काय गं ठिपके, झालं काय?"

"दिवा लागत नाही,
किडे येत नाहीत,
पोट माझं रिकामं, गुडगुड गुडगुड!"

"अरे अरे अरे! पण मी काय उडत जाऊ वर? शिडी आल्याशिवाय मी नाही चढणार. शिडी आहे भांडारात. जा मालनमावशीकडे."

सुळुक सुळुक थबक! सुळुक सुळुक थबक!

भांडाराच्या दाराशी बसल्या होत्या मालनमावशी. कमरेला चाव्या, छुमछुम छुमछुम.

"मालनमावशी, मालनमावशी, शिडी द्या ना!"

"काय गं ठिपके, झालं काय?"

"शिडी येत नाही,
काका चढत नाहीत,
दिवा लागत नाही,
किडे येत नाहीत,
पोट माझं रिकामं, गुडगुड गुडगुड!"

"अगं माझी बाय ती! शिडीही आत आहे. नवा दिवाही आत आहे. पण साहेबांची सही झाल्याशिवाय मी कुलूप नाही उघडणार. जा साहेबांकडे."

सुळुक सुळुक थबक! सुळुक सुळुक थबक!

साहेब बसले होते मोठ्या टेबलामागे. नाकावर चष्मा, खिशाला पेन.

"साहेब, साहेब, सही करा ना!"

"काय गं ठिपके, झालं काय?"

"कुलूप उघडत नाही,
शिडी येत नाही,
काका चढत नाहीत,
दिवा लागत नाही,
किडे येत नाहीत,
पोट माझं रिकामं, गुडगुड गुडगुड!"

"हं. हं. हं. नवा दिवा म्हणजे खर्च. खर्च म्हणजे ठराव. ठराव म्हणजे सगळ्यांनी मिळून हो म्हणायचं. ठराव झाल्याशिवाय मी सही नाही करणार. जा अध्यक्षाबाईंकडे."

सुळुक सुळुक थबक! सुळुक सुळुक थबक!

अध्यक्षाबाई सभेच्या खोलीत बसल्या होत्या. एकट्याच. समोर रिकाम्या खुर्च्या, हातात घंटा.

"अध्यक्षाबाई, अध्यक्षाबाई, ठराव करा ना!"

"काय गं ठिपके, झालं काय?"

"सही होत नाही,
कुलूप उघडत नाही,
शिडी येत नाही,
काका चढत नाहीत,
दिवा लागत नाही,
किडे येत नाहीत,
पोट माझं रिकामं, गुडगुड गुडगुड!"

"बाई बाई बाई! पण ठराव का एकटीने होतो? सकाळपासून घंटा वाजवतेय, टिंग टिंग! कुणी येईल तर शपथ! मेंबर खुर्चीवर बसल्याशिवाय मी ठराव नाही करणार. जा मेंबरांकडे."

सुळुक सुळुक थबक! सुळुक सुळुक थबक!

मेंबर उभे होते व्हरांड्यात. मिशीवाले मेंबर, टोपीवाले मेंबर, हिरव्या साडीच्या मेंबरकाकू. आणखी मेंबर, आणखी मेंबर. सगळे नुसते गप्पा मारत होते.

"मेंबर हो, मेंबर हो, खुर्चीवर बसा ना!"

"काय गं ठिपके, झालं काय?"

"ठराव होत नाही,
सही होत नाही,
कुलूप उघडत नाही,
शिडी येत नाही,
काका चढत नाहीत,
दिवा लागत नाही,
किडे येत नाहीत,
पोट माझं रिकामं, गुडगुड गुडगुड!"

"ते सगळं खरं," मिशीवाले म्हणाले. "पण चहा कुठाय? चहा आल्याशिवाय आम्ही नाही बसणार!"

"चुक् चुक्! का?"

"का म्हणजे? चहा म्हणजे चहा! जा नामामामांकडे."

सुळुक सुळुक थबक! सुळुक सुळुक थबक!

नामामामांची टपरी होती बोळात. अंधारात बसले होते नामामामा. समोर गार शेगडी, हातात डबा.

"नामामामा, नामामामा, चहा करा ना!"

"कोण ते? ठिपकी का? काय गं ठिपके, झालं काय?"

"मेंबर बसत नाहीत,
ठराव होत नाही,
सही होत नाही,
कुलूप उघडत नाही,
शिडी येत नाही,
काका चढत नाहीत,
दिवा लागत नाही,
किडे येत नाहीत,
पोट माझं रिकामं, गुडगुड गुडगुड!"

"करतो की! पण या डब्यात साखर आहे का मीठ? मला दिसतंय कुठे! मघाशी साहेबांच्या चहात मीठ पडलं. साहेब म्हणाले, थू थू थू! नाही बाबा. बोळातला दिवा लागल्याशिवाय मी चहा नाही करणार. जा वायरमनकडे!"

ठिपकी थबकली.

वायरमनकडे? पुन्हा?

म्हणजे दिवा नाही, म्हणून चहा नाही. चहा नाही, म्हणून मेंबर नाहीत. मेंबर नाहीत, म्हणून ठराव नाही. ठराव नाही, म्हणून सही नाही. सही नाही, म्हणून शिडी नाही. शिडी नाही, म्हणून दिवा नाही. दिवा नाही, म्हणून चहा नाही!

गोल गोल गोल! ठिपकीला आली भोवळ. भिंत फिरली, टपरी फिरली, नामामामा फिरले. गर्र गर्र गर्र!

धडपडत गेली ठिपकी घड्याळामागे.

"आजोबा, आजोबा, मी फिरून फिरून तिथेच आले!"

"मग पुन्हा फिर," आजोबा म्हणाले. "मागच्या वेळी तुझी आत्या फिरली होती."

"आणि दिवा लागला?"

"छे! तेव्हा कुठला लागतोय! लागला थेट पुढच्या दिवाळीला! पण फिरली किती छान!"

"गोल गोल!" आत्या लाजत म्हणाली.

"चुक् चुक्!" म्हणाली ठिपकी. "मी नाही फिरणार!"

आणि निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक, सुळुक सुळुक! थेट व्हरांड्यात. थेट वर. थेट मेंबरांच्या डोक्यावर. छताला उलटी लटकली, थबक!

"चहा आणलास?" मिशीवाले म्हणाले.

"नाही आणला! आणणार नाही! तुम्ही आत जाऊन बसत नाही, तोवर मी इथेच लटकणार."

ठिपकीने एक पाय सोडला.

"अगं अगं, पडशील!"

ठिपकीने दुसरा पाय सोडला.

"पाल! पाल! डोक्यावर पडेल!" टोपीवाले ओरडले.

"पाल पडली की आंघोळ करावी लागते!" मेंबरकाकू ओरडल्या.

"या थंडीत? गार पाण्याने? नको नको नको!" मिशीवाले ओरडले.

आणि सगळे पळाले. धडधड धडधड! सभेच्या खोलीत शिरले. खुर्च्यांवर बसले. धप्प! धप्प! धप्प!

ठिपकीही आली छतावरून. सुळुक सुळुक थबक!

मेंबरांनी दोन्ही हात डोक्यावर धरले. एकदम वर!

अध्यक्षाबाईंनी घंटा वाजवली. टिंग! "अगंबाई! सगळे आलात? चहा न घेता? बरं, आता पटपट सांगा. गटारावर झाकण बसवायचं का? हो म्हणणाऱ्यांनी हात वर करा."

हात तर वरच होते!

"मंजूर!" टिंग!

"बागेत नवा झोपाळा आणायचा का?"

हात वरच!

"मंजूर!" टिंग!

"अहो, पण..." मिशीवाले म्हणाले. हात खाली यायला लागले.

वरून ठिपकी म्हणाली, "चुक् चुक्!"

मिशीवाल्यांनी पटकन डोकं झाकलं. हात वर!

"बोळात नवा दिवा लावायचा का?"

सगळ्यांचे हात वर! डावे वर, उजवे वर!

"मंजूर! मंजूर! मंजूर!" टिंग टिंग टिंग!

ठराव झाला, टिंग!
साहेबांनी सही केली, खर्र!
मावशींनी कुलूप उघडलं, खट्!
शिडी आली, खडखड खडखड!
हुसेनकाका चढले, कुरकुर कुरकुर!
दिवा लागला, लख्ख!
नामामामांना साखर दिसली.
चहा उकळला, खदखद खदखद!
मेंबर चहा प्यायले, फुर्र! फुर्र!
आणि किडे आले, भुणभुण भुणभुण!

बोळात कोण आलं धावत? ठिपकी.

आणि तिच्या मागून? पालआजोबा, पालआत्या, पालकाका. घड्याळामागून सगळे बाहेर! सुळुक सुळुक, सुळुक सुळुक!

"बाजूला हो ठिपके," आजोबा म्हणाले. "पहिला किडा माझा."

"दुसरा माझा," आत्या म्हणाली.

"तिसरा माझा," काका म्हणाले. "उरला तर तुझा."

ठिपकीचं पोट म्हणालं, गुडगुड गुडगुड!

"चुक् चुक्! का?"

"का म्हणजे?" आजोबा म्हणाले. "का म्हणजे..."

आजोबांनी आत्याकडे पाहिलं. आत्याने काकांकडे पाहिलं. काकांनी आजोबांकडे पाहिलं. का ते कुणालाच माहीत नव्हतं.

एक गुबगुबीत किडा आला. भुणभुण भुणभुण!

"मी नाही बाजूला होणार," ठिपकी म्हणाली. "दिवा मी लावला. पहिला किडा माझा."

मटक!

आजोबा गप्प.

आत्या गप्प.

काका गप्प.

आणि ठिपकीचं पोट? तेही गप्प!