मौन यक्षिणीवर कावळा

तांबुळगडच्या भैरवसेन महाराजांनी आपला चितारीच पत्त्यांच्या डावात जिंकून घेतला आणि त्याला घरी सोडायचं साफ नाकारलं.

आता माणूस ही काय डावाला लावायची वस्तू आहे? पण महाराजांना हे सांगणार कोण! त्या राज्यात यक्षडावाचं वेडच तसं होतं. लहानथोर सगळ्यांच्या कनवटीला रंगीत पत्ते. कोणी नाग देऊन गंधर्व घ्यायचा, कोणी एकच राक्षस जिवापाड जपायचा. हे सगळे पत्ते रंगवायचा म्हादू चितारी. महाराजांनी आधी त्याचे पत्ते जिंकले, मग म्हणाले, आता स्वतःला लाव. म्हादू पडला भोळा, लावलं बिचाऱ्याने. तेव्हापासून तो राजवाड्यातच पत्ते रंगवत बसला होता. इकडे त्याची बायको ठकू जेवायला बसायची आणि समोरचा रिकामा पाट बघून भरल्या ताटावरून उठायची.

शेवटी एका सकाळी ती तडक दरबारात गेली आणि माझा नवरा परत द्या म्हणाली. महाराज मिशीतल्या मिशीत हसले.

"मला डावात हरव आणि घेऊन जा. हरलीस तर तूही इथेच राहायचं आणि त्याचे रंग वाटायचे."

दरबारी मंडळींनी माना खाली घातल्या. महाराजांना हरवणं अशक्य होतं, कारण त्यांच्याकडे मौन यक्षिणी होती. अख्ख्या राज्यात हा एकच पत्ता. ती ज्याच्यावर पडली त्याला शाप लागला. त्याने बोलायचं नाही, बोलला की हरला. शाप उठवणार तो ज्याने दिला तोच, आणि शाप उठला की यक्षिणीला कुठलाही पत्ता मारतो. आणि यक्षडावाचा मूळ नियम असा, की पत्ता टाकताना त्याचं नाव मोठ्याने घ्यायचं, नाहीतर पत्ता बाद. म्हणजे नाव घ्यावं तर हार. न घ्यावं तर एकेक पत्ता फुकट जाऊन हात रिकामा, म्हणजे पुन्हा हारच. भलेभले तिथे गारद झाले होते.

ठकू बरं म्हणाली आणि पदर खोचून पाटावर बसली. बसल्यावर तिने पंचांना, म्हणजे नरहरशास्त्र्यांना, नियम विचारून घेतले. समोरचा पत्ता मारला की डाव जिंकला, असं शास्त्री म्हणाले. पाळी कधी संपते? पत्ता टाकला की. आणि कोणी डाव अर्धा टाकून उठलं तर?

"उठला तो हरला," शास्त्री म्हणाले. "मग कोणी का असेना."

महाराजांनीही मान डोलावली. आपला नियम आपणही मोडत नाही, याचा त्यांना मोठा अभिमान. त्यांचा शिरस्ता ठरलेला होता: उठल्या उठल्या एक डाव झटपट जिंकायचा, मग स्नान, मग पूजा, आणि पूजा झाल्यावरच जेवण. त्याआधी तोंडात अन्नाचा कण घ्यायचा नाही.

डाव सुरू झाला. महाराजांनी पहिलाच पत्ता टाकला, मौन यक्षिणी, आणि खुशीत मांडी बदलली.

ठकूने काहीच टाकलं नाही. हातातले पत्ते मांडीवर पालथे ठेवले आणि स्वस्थ बसून राहिली.

विचार करत असेल, असं सगळ्यांना वाटलं. ऊन पायऱ्या चढून आत आलं तरी तिचा विचार संपेना. महाराज चुळबुळ करायला लागले. हिची पाळी संपली असं धरायचं का, त्यांनी विचारलं. शास्त्री म्हणाले, पत्ता पडेपर्यंत पाळी तिचीच. मग मी जरा स्नान करून येऊ? शास्त्री चाचरत म्हणाले, उठलात तर हरलात, महाराज.

तेवढ्यात ठकूने कमरेची पुरचुंडी सोडली. भाकरीवर लसणाचा ठेचा होता. वास दरबारभर पसरला आणि महाराजांच्या पोटात असा काही गुरगुराट झाला की भालदारालाही ऐकू गेला. डावात खायला मनाई नाही का, असं त्यांनी कळवळून विचारलं. मनाई फक्त बोलायला आहे, शास्त्री पुटपुटले. आतून राणीसाहेबांचा निरोप आला की पूजेची फुलं सुकली. ठकू सावकाश चावत होती, जशी काही लेक माहेरपणाला आली आहे.

महाराजांचा धीर सुटला.

"अगं बाई, तुझ्या मनात आहे तरी काय? सांग की!"

ठकूने फक्त त्यांच्याकडे बघितलं.

"अगं, मी सांगतोय ना? बोल!"

नरहरशास्त्र्यांनी कपाळावर हात मारला. ठकूने हात पुसले.

"बोलते, महाराज. शाप आपण दिला होता, ‘बोल’ म्हणून आपणच उठवलात. पाळी अजून माझीच आहे. आणि शाप उठलेल्या यक्षिणीच्या अंगात जोर कुठला?" तिने आपला सगळ्यात हलका पत्ता उचलून समोर टाकला. "कावळा."

शास्त्री पत्त्यावर वाकले, पुन्हा वाकले आणि हळूच म्हणाले, "मेली, महाराज. कावळ्याने यक्षिणी मारली."

महाराज आधी लालबुंद झाले. मग त्यांना जे हसू फुटलं ते आवरेना. पगडीसुद्धा तिरकी झाली. त्यांनी म्हादूला बोलावून घेतलं. तो रंगाने माखलेल्या हातांनीच धावत आला. "वाळलात की हो," ठकू म्हणाली, आणि इतका वेळ दगडासारखी बसलेली ती बाई सगळ्यांदेखत रडली.

महाराजांनी म्हादूचे सगळे पत्ते परत दिले, वर आपल्या हातातलं कडं ठकूला दिलं. पण एक गोष्ट त्यांच्या डोक्यातून जाईना.

"एवढे हुशार लोक माझ्यापुढे बसले. नुसतं बसून राहावं, हे एकालाही सुचलं नाही?"

"त्यांना आपली मर्जी राखायची होती, महाराज, म्हणून पाळी आली की घाईघाईने पत्ता टाकत होते," ठकू म्हणाली. "मला माझा माणूस घरी न्यायचा होता. त्याच्याशिवाय घरी जायची मला कसली घाई?"

महाराज पुन्हा पोट धरून हसले आणि उद्यापासून डावाचे नियम तूच सांगायचे, असं त्यांनी जाहीर करून टाकलं. ठकू म्हणाली, सांगेन, पण दिवेलागणीला आम्ही दोघंही आपल्या घरी.

"कबूल," महाराज म्हणाले. "पण माझ्यासमोर पत्ते घेऊन पुन्हा बसायचं नाही."