टेकडी, भिवा आणि आप्पांचं पाणी

आंबेवस्ती नावाच्या गावात भिवा नावाचा एक भोळा माणूस होता. गावात आंबा एकही नव्हता, आणि भिवाकडे अक्कल किती होती ते पुढे कळेलच. पण माणूस शब्दाचा पक्का. सांगितलं की करणारच.

तीन वर्षांपूर्वी गावाजवळच्या उघड्याबोडक्या टेकडीवर झाडं लावायला काही मंडळी जमली. त्यांनी हिरवळ मंडळ काढलं. सुलभाताई त्याच्या प्रमुख. दर रविवारी सगळे टेकडीवर जायचे. एक रोप अकरा जण धरायचे, फोटो काढायचे. उरलेली रोपं ताई लावायच्या, आणि यंदापासून भिवाही.

पहिल्या रविवारी भिवाने वीस रोपं लावली. काळ्या पिशव्यांसकट.

"अरे भिवा, पिशवीत मुळं पसरणार कशी? आधी पिशवी फाडायची, मग खड्ड्यात ठेवायचं आणि वरून माती लोटायची."

"चुकलं ताई. पुढच्या वेळी तसंच करीन."

पुढच्या रविवारी ताईंनी त्याला चहासाठी दूध आणायला पाठवलं. भिवाने सहा पिशव्या आणल्या. एकेक फाडली, खड्ड्यात ठेवली, वरून माती लोटली. मंडळी चहाची वाट बघत बसली.

ताईंनी कपाळावर हात मारला. "दूध असं आणतात का? ओल्या गोणपाटात गुंडाळायचं आणि सावलीत ठेवायचं. गार राहतं."

"चुकलं ताई. पुढच्या वेळी तसंच करीन."

तिसऱ्या रविवारी सरपंचांचं भाषण होतं. भिवाने शाळेतून लाउडस्पीकर आणला. ओल्या गोणपाटात गुंडाळला, सावलीत ठेवला, वर दोन तांबे पाणी शिंपडलं. सरपंच बोलायला लागले, तर कर्ण्यातून नुसतं फुर्र फुर्र. खरं सांगायचं तर लोक मनातून खूश झाले. ताई मात्र चिडल्या.

"असल्या वस्तूला पाण्याचा थेंब लागू द्यायचा नसतो! कोरडी ठेवायची. दमट झाली तर पुसून उन्हात ठेवायची."

"चुकलं ताई. पुढच्या वेळी तसंच करीन."

पाऊस गेला. ऑक्टोबरचं ऊन तापलं. ताईंना भाचीच्या बाळंतपणाला आठ दिवस जायचं होतं. टेकडीवर पाण्याची पिंपं भरून ठेवली होती. ताई निघताना म्हणाल्या, "भिवा, रोपं तुझ्यावर सोपवलीत हो."

भिवाने पिंपांना हात लावला नाही. उलट रोज पहाटे तो फडकं घेऊन टेकडीवर जायचा आणि रोपांवरचं दव पानापानावरून पुसून काढायचा. एक थेंब राहू दिला नाही.

ताई परत आल्या, तर रोपांनी माना टाकलेल्या. त्या तिथेच मातीत बसल्या आणि रडायला लागल्या. गेली तीन वर्षं त्याच खड्ड्यांत झाडं लावली होती. तिन्ही वर्षं ती वाळली होती. यंदाही वाळली तर मंडळ मोडणार होतं. लोक तसं बोलूनही दाखवत होते.

ताईंना रडताना बघून भिवाही रडला.

"नवीन आलेला जीव असतो रे तो," ताई डोळे पुसत म्हणाल्या. "त्याला काठीला बांधायचं, म्हणजे वाऱ्याने हलत नाही. बुडाशी हंडा हंडा पाणी घालायचं. भोवती बोरीचे काटे लावायचे, म्हणजे शेळ्या तोंड लावत नाहीत. आणि मूळ धरेपर्यंत, तीन वर्षं, जागचं हलवायचं नाही. कोणी काहीही म्हणो!"

"चुकलं ताई. आता एकही वाळू देणार नाही."

पिंपातलं सगळं पाणी घातलं तेव्हा निम्मी रोपं तगली. पण पुढे काय? टेकडीच्या पायथ्याशी एकच विहीर होती, आप्पा ढग्यांची. आडनाव ढगे, पण पाण्याचा थेंब कुणाला देतील तर शपथ. मंडळींनी पंधरा दिवस आप्पांच्या विनवण्या केल्या. शेवटी आप्पा म्हणाले, "आधी टेकडी बघतो. पटलं तर बघू."

रविवारी आप्पा काठी टेकत टेकत वर आले. ताईंची धांदल उडाली. मंडळी पोहे आणि चहा आणायला खाली पळाली. जाताना ताई भिवाला म्हणाल्या, "आप्पा या टेकडीवर नवीन आहेत. नीट जप त्यांना. सगळी भिस्त त्यांच्यावर आहे."

आप्पा चढून दमले होते. एका रिकाम्या खड्ड्यापाशी बसले, शेजारी रोपासाठी रोवलेल्या बांबूला टेकले आणि घोरायला लागले.

दीड तासाने मंडळी पोह्यांचं पातेलं घेऊन आली आणि जागीच थबकली.

आप्पा बांबूला सुतळीने बांधलेले. पाय खड्ड्यात, वर घोट्यापर्यंत चिखल. भोवती बोरीच्या काट्यांचं दणकट कुंपण. भिवा एका शेळीला हुसकावत होता.

"सुलभे!" आप्पा ओरडले. "या येड्याला आवर! सात हंडे ओतले माझ्या पायावर! आणि तेही माझ्याच विहिरीचे!"

ताईंच्या हातातली किटली गळून पडली. "आप्पा, माफ करा हो. भिवा, अरे सोड त्यांना!"

"पाणी पाहिजे ना तुम्हाला?" आप्पा काकुळतीला आले. "घ्या! मोटर लावा, पाइप टाका, विहीर उपसून न्या! पण मला सोडवा!"

मंडळींनी आनंदाने आरोळी ठोकली. तीन वर्षांत जे जमलं नव्हतं ते झालं होतं. ताईंचे डोळे भरून आले. त्या काटे बाजूला सारायला धावल्या.

भिवा दोन्ही हात पसरून कुंपणापुढे आडवा उभा राहिला.

"ताई, मागे व्हा. तुम्हीच म्हणालात ना, कोणी काहीही म्हणो? अजून मूळ धरलेलं नाही. तीन वर्षांनी या."

आणि त्याने आठवा हंडा ओतला.